वेगळ्या खिळ्यावरची माळ

रंगारींनी माळ चिमटीत धरून दाबली आणि वार्दुहीबाईंनी ती दांड्यावरून उतरवून खिडकीजवळच्या वेगळ्या खिळ्याला अडकवली. झालं ते एवढंच. खोलीत चार माणसं होती आणि त्यातल्या तिघांच्या लेखी काहीच घडलं नव्हतं.

ऑक्टोबरचा तिसरा सोमवार, सकाळचे अकरा. कॅलिफोर्नियातल्या ग्लेंडेलमध्ये, वार्दुहीबाईंच्या स्वयंपाकघरामागची लांबट खोली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत तीन लाकडी दांडे आणि त्यांवर सव्वीस माळा. अक्रोडाचे अर्धे गर जाड सुती दोऱ्यात ओवायचे, द्राक्षाचा रस पीठ आणि दालचिनी घालून दाट आटवायचा, माळ त्यात बुडवायची, दोन दिवस वाळवायची, पुन्हा बुडवायची. चार-पाच वेळा असं केलं की दोन बोटं जाडीची, तपकिरी, गाठीगाठीची कांडी तयार होते. आर्मेनियन लोक तिला सुजुख म्हणतात. कमलाबाई रंगारी तिला अक्रोडाची माळ म्हणत, आणि वार्दुहीबाईंनाही आता ते कळत होतं.

धर्मराज रंगारी एकतीस वर्षं महाराष्ट्रात अन्न निरीक्षक होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. सहा महिन्यांसाठी ते आणि कमलाबाई नागपूरहून लेकीकडे, पायलकडे आले होते, आणि पायलच्या कुंपणापलीकडचं घर वार्दुहीबाईंचं होतं. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एकट्या. दर डिसेंबरात त्यांच्या चर्चच्या सभागृहात जत्रा भरे. तिथं एका टेबलावर त्या सुजुख आणि स्वतः सुईनं विणलेले लेसचे रुमाल मांडत. यंदा समितीनं ठरवलं होतं की खाण्याचे पदार्थ ठेवणाऱ्यांनी काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाचा, परवान्याचा कागद आणायचा. कागदासाठी गुरुवारी तपासणी होती. कागद नाही तर टेबल नाही. वार्दुहीबाईंची नात नारे घाबरून पायलकडे आली, आणि पायलनं सहज सांगून टाकलं, "अगं, माझे बाबा फूड इन्स्पेक्टर होते!"

कागद पुढे मिळाला. ही गोष्ट त्या कागदाची नाही.

सोमवारी रंगारी इस्त्रीचा शर्ट घालून, वही-पेन घेऊन गेले. आदल्या दिवशी बसून त्यांनी चौदा मुद्दे काढले होते: पाणी, हातमोजे, हात धुणं, केस, नखं, कपडा, माशी, झाकण, खुला माल, लेबल, असे एकामागून एक. ते त्यांच्या कामचलाऊ इंग्रजीत वाचून दाखवत, नारे आर्मेनियनमध्ये सांगे, आणि वार्दुहीबाई प्रत्येक मुद्द्याला शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत. कमलाबाई स्टुलावर बसून अक्रोड ओवत होत्या. त्या रोजच तिथं बसत.

वाचन संपलं. रंगारी माळांखालून एक फेरी मारायला उठले. आणि तिथं त्यांच्या हातानं परस्पर काम केलं. तिसऱ्या दांड्यावरच्या एका माळेपाशी अंगठा आणि तर्जनी वर गेली, चिमटीत कांडी आली, हलकासा दाब बसला. वरून सुकलेली, आत ओल. एकतीस वर्षं त्यांनी खवा असाच पाहिला होता.

वार्दुहीबाई पुढे आल्या. तीच माळ काढली, दोऱ्याच्या फाशानं धरून दूर नेली, खिडकीजवळच्या रिकाम्या खिळ्याला अडकवली. मग एप्रनला हात पुसले.

एप्रनला हात पुसले, हे रंगारींनी नीट पाहिलं.

"बाकी ठीक आहे," ते नारेला म्हणाले. "रिपोर्ट लिहून देतो." आणि समोर आलेली कॉफी न पिता घरी निघून आले.

*

"काय जी, असे कसे उठून आले?" तासाभरानं आलेल्या कमलाबाईंनी विचारलं. "ती बाई कपबशी घेऊन दारापर्यंत आली तुमच्या मागे."

"पोट बरं नव्हतं."

"सकाळी तर चार पराठे खाल्ले."

"म्हणूनच."

कमलाबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि सोडून दिलं. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांना एवढं कळलं होतं की नवऱ्याचं पोट आणि नवऱ्याचं मन यांतलं बिघडलंय काय, हे त्याचं त्यालाही लवकर उमगत नाही.

रंगारी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. कुंपणापलीकडे खोलीची ती खिडकी दिसत होती, पण काचेवर ऊन असल्यामुळे आतलं काही दिसत नव्हतं. त्यांनी स्वतःला समजावलं की हा अमेरिका देश आहे. बाई आर्मेनियाच्या. त्यांना आपल्याकडचं काय ठाऊक? मग ते स्वतःशीच म्हणाले, ठाऊक नसायला काय झालं, कमला रोज तिथं तीन-तीन तास बसते. फोनवर बोललेलं भाषांतर होऊन ऐकू येतं. कमलेच्या पोटात काय राहतं?

आणि रस्त्याच्या दुसऱ्या कोपऱ्यावरचं ते मराठी घर होतंच. तिथं राहणाऱ्या सुलेखाताईही वार्दुहीबाईंकडून माळा घेत. जूनमध्ये पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं होतं, "रंगारी म्हणजे नागपूरचे कुठले?" रंगारींनी वस्तीचं नाव सांगितलं होतं. सुलेखाताई "अच्छा, अच्छा" म्हणाल्या होत्या. दोनदा. एकदा "अच्छा" म्हणणाऱ्या माणसाबद्दल रंगारींची काही तक्रार नसे.

*

एकोणनव्वद सालची गोष्ट. भंडारा जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी मिठाईचं मोठं दुकान होतं. रंगारींची नोकरी तशी नवीच, हात अजून बुजरा नव्हता. मालकानं उठून खुर्ची दिली, पंखा लावला, "साहेब, साहेब" म्हणत पाणी मागवलं. पाणी काचेच्या ग्लासात आलं. मालक स्वतः स्टीलच्या पेल्यात पीत होता. पण हे रंगारींना नंतर आठवलं. त्या वेळी त्यांचं लक्ष परातीकडे होतं.

परातीत दहाएक किलो खव्याचा ढीग. त्यांनी अंगठा दाबला, चिमूट चोळली, वास घेतला. माल चांगला वाटला. तरी नियमाप्रमाणे पंचांसमोर नमुना घेतला, तीन भाग केले, बाटल्या सील केल्या, सह्या घेतल्या आणि निघाले. पन्नास पावलांवर लक्षात आलं की सीलचा शिक्का टेबलावरच राहिला. ते परत फिरले.

दुकानाच्या बाजूच्या गल्लीत गडी परात गटारावर धरून उलथन्यानं खवा खरवडत होता. मालक वरून बादलीनं पाणी ओतत होता.

मालकानं त्यांना पाहिलं. मग मालक म्हणाला, "पाल पडली, साहेब."

रंगारींनी शिक्का घेतला. एस. टी. स्टँडपर्यंत चालत गेले. त्यांचा हिशोब सरळ होता: माल भेसळीचा आहे, उरलेला नष्ट करतोय, नमुन्यात सापडेल. त्यांना एका परीनं बरंही वाटलं. भेसळवाला म्हणजे ओळखीचा प्राणी. त्याच्याशी कसं वागायचं याचं कलम होतं.

सव्वा महिन्यानं प्रयोगशाळेचा अहवाल आला. नमुना प्रमाणित. स्निग्धांश हवा त्याहून जास्त. खवा शुद्ध होता.

शुद्ध खवा गटारात का गेला?

पाल खरंच पडली असेल. शक्य आहे. मालकाला स्वतःच्याच मालाची खात्री नसेल, घाबरला असेल. हेही शक्य आहे. आणि तिसरं जे शक्य होतं ते रंगारींनी कधी कुणाला बोलून दाखवलं नाही, कमलेलाही नाही. छत्तीस वर्षं त्यांनी त्या मालकाला संशयाचा फायदा दिला होता. अहवालाची झेरॉक्स मात्र घरच्या कपाटात अजून होती.

आता ग्लेंडेलमध्ये, लिंबाच्या झाडाखाली बसून, त्यांच्या डोक्यात ती परात आणि ही माळ एकमेकांत अडकली होती आणि काही केल्या सुटत नव्हती.

*

मंगळवारी संध्याकाळी पायल कामावरून आली तेव्हा नारेचे तीन मेसेज येऊन पडले होते.

"बाबा, ती रिपोर्ट मागतेय. यू सेड मंडे."

"लिहितोय."

"चौदा पॉइंट तर आहेत! मला दे, मी टाइप करते."

"मी म्हटलं ना लिहितोय."

पायलनं बॅग खाली ठेवली आणि त्यांच्यासमोर बसली. ती तेविसाव्या वर्षी शिकायला आली होती, आता एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. लोकांचे गुडघे वाकवता वाकवता दुखतं नेमकं कुठं हे काढून घेणं हाच तिचा धंदा. दहा मिनिटांत तिनं माळेची हकीकत काढून घेतली. खव्याची मात्र निघाली नाही.

"बाबा, सिरियसली? त्या आर्मेनियन आहेत. त्यांना तुझी जात काय माहीत?"

"तुझ्या आईला विचार, तिनं काय काय सांगितलंय."

"सांगितलं की!" कमलाबाई ओट्याजवळून म्हणाल्या. "चौदा तारखेला खीर घेऊन गेले तेव्हा सगळं सांगितलं. बाबासाहेबांचा फोटो दाखवला, दीक्षाभूमी दाखवली. फोनात बोलले, फोननं तिच्या भाषेत म्हटलं. मग? लपवून ठेवायचं होतं काय?"

"मी लपवा म्हटलं का?"

"मग तोंड कशाला पाडलं?"

"खीर खाल्ली का तिनं?" रंगारींनी विचारलं.

कमलाबाई थांबल्या. "म्हणजे?"

"तुझ्यासमोर खाल्ली का?"

"वाटी ठेवून आले. दुसऱ्या दिवशी धुऊन आली, वर अक्रोड भरून."

"म्हणजे पाहिलं नाही."

"अहो, वाटी रिकामी आली ना!"

"वाटी रिकामी येण्याचे दोन मार्ग असतात," रंगारी म्हणाले.

पायलनं आईकडे पाहिलं. आईनं गॅस बंद केला.

"आणि ती माळ?" शेवटी रंगारींनीच विचारलं. "आहे अजून तिथं?"

कमलाबाईंनी उत्तर द्यायला जरा उशीर केला. इतका थोडा, की इतर कुणाच्या लक्षात आला नसता. "आहे. खिळ्याला."

"तशीच?"

"वरून रुमाल टाकलाय तिनं. लेसचा. झाकून ठेवली आहे."

"झाकून," रंगारी म्हणाले.

"हो, झाकून. आता काय झालं?"

"काही नाही."

"बाबा, मी सरळ विचारू का नारेला?" पायल म्हणाली. "टू मिनिट्स. विषय संपला."

"नको."

नको का, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. उत्तर वाईट आलं तर कमलेचं तिथं जाणं थांबेल. या देशात तिला मिळालेली ती एकच मैत्रीण. दोघी आपापल्या भाषेत तासन्‌तास बोलत. गेल्या आठवड्यात कमलाबाईंनी तिच्या लेसच्या सुयांवर कणकेचे पोकळ सरगुंडे वळून दाखवले होते आणि दोघी हसून हसून डोळे पुसत होत्या. आणि उत्तर चांगलं आलं तर? चांगलं उत्तर तोंडदेखलंही असू शकतं. मालकानंही पाल सांगितलीच होती.

*

बुधवारी सकाळी त्यांनी रिपोर्ट लिहायला घेतला. गुरुवारची तपासणी कुणाच्या मनासाठी थांबणार नव्हती, आणि एकतीस वर्षांत त्यांनी एकही अहवाल मुदतीबाहेर दिला नव्हता, आवडत्या माणसाचा नाही, नावडत्याचाही नाही.

वही उघडली. पक्क्या अक्षरात एक ते आठ मुद्दे उतरवून काढले. नवव्यापाशी पेन थांबलं.

"९. खुल्या मालाला बाहेरील व्यक्तीचा उघडा हात लागल्यास तो माल ताबडतोब बाजूला काढावा, विकू नये."

अक्षर त्यांचंच. रविवारी रात्रीच्या जेवणाआधी लिहिलेलं. सोमवारी त्यांनी ते मोठ्यानं वाचलं होतं, नारेनं सांगितलं होतं, वार्दुहीबाईंनी मान हलवली होती. आणि त्यानंतर दहा मिनिटांच्या आत त्यांनी स्वतः, हातमोजा न घालता, खुल्या मालाला हात लावला होता.

रंगारींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मुद्दा नऊच होता.

मग झालं की. बाईंनी सांगितलं तसं केलं. ताबडतोब बाजूला काढली. इतकी तंतोतंत अंमलबजावणी त्यांच्या नोकरीत एकाही दुकानदारानं केली नव्हती. त्यांना हसू यायला हवं होतं. आलंही थोडंसं, पण मध्येच अडकलं.

कारण नववा मुद्दा तिथंच संपत होता. बाजूला काढावा, विकू नये. पुढे काय करावं, ते त्यांनी लिहिलंच नव्हतं. कार्यालयात त्याची गरज पडत नसे. बाजूला काढलेला माल पुढे नष्ट होतो हे सगळ्यांना माहीत असे. मग बाईंनीही माळ नष्ट केली असेल, तर ती नियमानं केली की कशानं? आणि नियमानंच करायची तर रुमालानं झाकून तीन दिवस ठेवायची कशाला? एप्रनला हात पुसले ते कशासाठी? नियमात हात धुवा असं होतं, तिसरा मुद्दा. पुसा असं नव्हतं.

त्यांना सगळं कळलं होतं आणि आधीपेक्षा कमी कळत होतं. उरलेले पाच मुद्दे त्यांनी भराभर उतरवले, कागदाची घडी केली, वही-पेन घेतलं आणि चपला घातल्या.

*

दार नारेनं उघडलं. तिनं दातांच्या दवाखान्यातून दोन दिवस रजा काढली होती आणि तिच्या डोक्यावर मुद्दा क्रमांक चारप्रमाणे जाळी होती. रंगारी तिला कागद देऊन स्वयंपाकघरातून सरळ मागच्या खोलीत गेले. कमलाबाई स्टुलावर होत्या. वार्दुहीबाई खिडकीशी काहीतरी पुसत होत्या. दांड्यांवर पंचवीस माळा.

खिडकीजवळचा खिळा रिकामा होता. खाली, खिडकीच्या कट्ट्यावर, लेसचा रुमाल नीट चौघडी करून ठेवलेला.

"ती कुठं गेली?" रंगारींनी मराठीत विचारलं. मग इंग्रजीत, खिळ्याकडे बोट करून, नारेला. "दॅट वन. आय टच्ड. व्हेअर इज इट?"

नारेनं आजीला विचारलं. वार्दुहीबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी आधी खिळ्याकडे पाहिलं, मग रंगारींच्या हातातल्या पेनाकडे, मग कमलाबाईंकडे. मग एकदम खूप बोलायला लागल्या, हात छातीशी नेत, पुन्हा खिळ्याकडे नेत. नारेनं मध्येच "तातिक, तातिक" अशी आजीला हाक मारत त्यांना थांबवायचा प्रयत्न केला.

"ती सॉरी म्हणतेय," नारे म्हणाली. "ती म्हणतेय, तुम्ही सांगितलं बाजूला काढा, तिनं काढली. विकणार नव्हती, शपथ घेतेय. पण तिला माहीत होतं की ती टाकून द्यायला हवी होती, आणि तिच्यानं टाकवली नाही."

"मग?"

नारेनं आजीकडे पाहिलं. आजीनं जमिनीकडे पाहिलं.

"खाल्ली," कमलाबाई म्हणाल्या.

रंगारी वळले.

"काय बघून राहिले? आम्ही खाल्ली. दोघींनी. रोज कॉफीबरोबर दोन-दोन तुकडे. खालून कापत गेलो." कमलाबाईंनी हातातला अक्रोड डब्यात टाकला. "ओली होती अजून, पण चव आहे."

"आणि रुमाल?"

"रुमाल मी म्हटलं म्हणून टाकला. माळ रोज आखूड होऊन राहिली होती, तुम्ही आले तर तुमच्या डोळ्यात भरली असती. मी तिला खुणेनं सांगितलं, या माणसाला कळू द्यायचं नाही, हा लगेच नष्ट करा म्हणेल. तिला तर तुमचा असा धाक बसलाय! परवा तुम्ही कॉफी ठेवून गेले तेव्हापासून मला विचारते, साहेब रागावले का, साहेब रागावले का. मी म्हटलं, पोट."

"मग मला काल का नाही सांगितलंस? मी विचारलं, तशीच आहे का..."

"त्याच्याआधी काय विचारलं तुम्ही? तुम्ही खिरीचं विचारलं. वाटी रिकामी येण्याचे दोन मार्ग असतात म्हणाले!" कमलाबाईंचा आवाज चढला आणि मग, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहून, मध्येच खाली आला. "मला काय माहीत तुमच्या डोक्यात काय चालू होतं."

रंगारी कट्ट्यावर टेकले. वार्दुहीबाई अजून तशाच उभ्या होत्या, हात एप्रनमध्ये गुंडाळून. त्या घाबरल्या की हात एप्रनमध्ये घालतात, हे रंगारींना आत्ता दिसलं. सोमवारीही त्यांनी तेच केलं असावं. किंवा नसावं.

त्यांच्या मनात परात आली. तोही मालक घाबरलाच असेल का, असा विचार आला. छत्तीस वर्षं त्यांना वाटत होतं की मालकानं पाहिला तो त्यांच्यातला माणूस. मालकाला कदाचित नुसता शिक्का दिसला असेल. पण मग दुसराही विचार आला: घाबरलेलं माणूस चांगली वस्तू लपवतं, रुमाल टाकतं, चोरून खातं. ते वरून बादलीनं पाणी ओतत नाही. म्हणजे त्या मालकाला त्यांनी इतकी वर्षं जो संशयाचा फायदा दिला होता, तो इथं, या खोलीत, दोन म्हाताऱ्या बायकांनी कॉफीबरोबर खाऊन टाकला होता. की तसंही नव्हतं? एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे त्यांनी स्वतः नव्या पोरांना शिकवलं होतं. दोन नमुने, दोन देश. पुरेसे होते का? ते ठरेना. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटत होतं आणि त्याच वेळी दुसरीकडे कुठंतरी चढल्यासारखंही.

"उरली का काही?" त्यांनी विचारलं.

कमलाबाईंनी वार्दुहीबाईंना बोटांची चिमूट करून दाखवली. वार्दुहीबाईंनी कपाटातून बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला. आत कागदात एक तुकडा होता, वरच्या टोकाचा, दोऱ्याचा फास अजून त्याला तसाच.

"पायलसाठी ठेवला होता," कमलाबाई म्हणाल्या. "खा आता."

रंगारींनी दोरा ओढून काढला आणि तुकडा तोंडात घातला. द्राक्ष, दालचिनी, मग अक्रोड. बाहेरची साल दाताला चिवट लागत होती, मधला थर अजून मऊ. ते सावकाश चावत राहिले. तिघी त्यांच्याकडे बघत होत्या.

"ओल आहे," ते शेवटी म्हणाले. "अजून दोन दिवस तरी वाळायला हव्यात."

नारेनं सांगितलं. वार्दुहीबाईंचे हात एप्रनमधून बाहेर आले. त्यांनी जोरात नकाराची मान हलवली आणि तीन बोटं दाखवली.

"ती म्हणतेय तीन. तुम्ही घेतलीत ती कडेची होती, खिडकीकडची. आतल्या जास्त ओल्या आहेत."

"कडेच्या आणि आतल्यांत एवढा फरक नाही पडत."

नारेनं तेही सांगितलं. वार्दुहीबाई हसल्या, पहिल्यांदाच, आणि मधल्या दांड्यावरची एक माळ दोन्ही हातांनी उतरवून त्यांच्यासमोर धरली. चिमूट करून दाखवली. दाबा.

रंगारींनी टेबलावरच्या हातमोज्यांच्या नव्या डब्याकडे बोट केलं. मुद्दा क्रमांक दोन. त्यांच्याच सांगण्यावरून आणलेला, अजून सील न फोडलेला. वार्दुहीबाईंनी डब्याकडे पाहिलं, तोंड वाकडं केलं, आणि अंगठा तर्जनीवर घासत नारेला काहीतरी म्हणाल्या.

"ती म्हणतेय, रबरातून काय कळणार?"

हे खरं होतं. रबरातून काही कळत नाही. रंगारींनी नोकरीभर वरिष्ठांना हेच सांगितलं होतं आणि कुणी ऐकलं नव्हतं. त्यांनी कमलाबाईंकडे पाहिलं. कमलाबाई मुद्दाम अक्रोडात डोकं घालून बसल्या होत्या.

माळ समोर होती. रंगारींनी उजवा हात पुढे केला, मध्ये थांबवला, शर्टाला पुसला, आणि मग अंगठा आणि तर्जनीत कांडी धरून दाबली. नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळ.

"तीन," ते म्हणाले.

वार्दुहीबाईंनी विजयी मुद्रेनं नारेकडे पाहिलं. मग माळ फिरवली, खिडकीशी गेल्या, आणि ती वेगळ्या खिळ्याला अडकवली. कट्ट्यावरचा रुमाल उचलून खांद्यावर टाकला. माळेवर टाकला नाही. "काय जी, कॉफी घेणार ना आज?" असं विचारत कमलाबाई उठल्या आणि उत्तराची वाट न पाहता सुरी शोधू लागल्या.

रंगारींनी वही उघडली. नवव्या मुद्द्यापुढे आज झालेलं उल्लंघन नोंदवायला हवं होतं. त्यांनी तारीख घातली, वेळ घातली, आणि पुढे काय लिहावं ते न कळून पेन हातात धरून बसून राहिले. तोवर खिळ्यावरच्या माळेचा खालचा तुकडा कापून झाला होता.